बॅशचं 'सेट -एक्स' : फुकट आहे, पण पासवर्ड सांभाळा (साडेचार स्टार)

रिव्ह्यू लोक विकत घेतलेल्या वस्तूचा लिहितात, हा तर बॅशमधला (लिनक्स-मॅकवर कमांड चालवणारा प्रोग्राम) स्क्रिप्टची प्रत्येक कमांड चालताना दाखवणारा स्विच, फुकटच येतो, पण गेल्या आठवड्यात ह्याने माझी झोप वाचवली म्हणून लिहितोय.

झालं असं की बॅकअपची स्क्रिप्ट, महिनाभर गपगुमान चालणारी, अचानक एके रात्री फाइल सापडत नाही म्हणून बोंबलायला लागली. आणि फाइल तर समोर दिसतेय राव! मी आपला जागोजागी एको (स्क्रीनवर मजकूर छापणारी कमांड) टाकत बसलो, "इथे आलो", "इथे पण आलो", फाइलचं नावही छापून बघितलं तर बरोब्बर, 'मार्च रिपोर्ट.पीडीएफ'. तासभर गेला. मग शेजारचा म्हणाला अरे बॅश -एक्स लावून चालव की, म्हणजे सेट -एक्स पहिल्या ओळीपासूनच चालू.

चालवली तर प्रत्येक कमांड चालायच्या आधी अधिकचं चिन्ह लावून स्क्रीनवर, व्हेरिएबलच्या जागी खऱ्या किमती भरून. आणि तिथेच चोर सापडला. नावात स्पेस असेल तर बॅश तो अख्खा शब्द कोटात दाखवतं, इथे कोट नव्हतेच, म्हणजे सीपीला (फाइल कॉपी करणारी कमांड) 'मार्च' आणि 'रिपोर्ट.पीडीएफ' अशा दोन फायली मिळत होत्या. व्हेरिएबलभोवती डबल कोट टाकले, काम झालं. एकोमध्ये हे जन्मात दिसलं नसतं कारण तो दोन्ही तुकडे मधे स्पेस टाकून छापतो, दिसायला सेम टू सेम.

आता तक्रारी. चालू करायला वजा (सेट -एक्स) आणि बंद करायला अधिक (सेट +एक्स), हे कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. नुसत्या अधिकच्या चिन्हावरून ओळ नंबर कळत नाही, त्यासाठी पीएस४ मध्ये (ट्रेसच्या, म्हणजे ह्या छापलेल्या ओळींच्या, आधी काय लावायचं ते ठरवणारं व्हेरिएबल) लाइननंबर टाकायचा, तोही सिंगल कोटात, डबल कोट दिले तर सगळीकडे एकच नंबर येतो (हो, मी केलंय). सगळं स्टँडर्ड एररवर (चुकांच्या संदेशांची वेगळी वाट) जातं, त्यामुळे साधं आउटपुट लॉग फाइलकडे वळवलं तर लॉगमध्ये ट्रेसचा पत्ताच नाही. वेगळ्या फाइलमध्ये काढायची सोय बॅश ४.१ पासून आहे पण मॅकवर अजून ३.२ च येतं, बसा बोंबलत.

आणि अर्धा स्टार कापला तो पासवर्डसाठी. ट्रेसही लॉगमध्ये वळवला तेव्हा डेटाबेसचा पासवर्ड जसाच्या तसा त्यात उतरला होता, सकाळी आधी तो बदलला मग चहा घेतला. आता त्या दोन ओळींपुरतं ट्रेस बंद करून ठेवतो.