जुन्या जिप्सीचा आवाज: आधी काय उघडायचं? बेअरिंग, क्रॉस, डिफ की ट्रान्सफर?

जुन्या मारुती जिप्सीतून घूं-घूं ऐकू यायला लागलं की गॅरेजमध्ये पहिलं नाव ट्रान्सफरचं, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या डब्याचं निघतं. त्याला कारणही आहे. आवाज दोन सीटच्या मधून, लिव्हरपाशी येतो आणि ट्रान्सफर नेमका तिथेच खाली टांगलेला असतो. पण मागच्या एक्सलचा आवाजही स्प्रिंगच्या पाट्यांमधून चॅसीत शिरतो आणि पुढे येऊन तुमच्या पायाखालीच वाजतो. म्हणून आवाज कुठून येतोय यापेक्षा काय केल्यावर तो बदलतो, हे बघा. आणि माझं स्पष्ट मत आहे की ट्रान्सफर सगळ्यात शेवटी उघडावा.

१९८५ ची पहिली हजार सीसीची जिप्सी असो की १९९६ नंतरची तेराशे सीसीची किंग, मांडणी तीच. गिअरबॉक्स वेगळा, ट्रान्सफर वेगळा, दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट. ट्रान्सफरमधून एक शाफ्ट पुढे जातो, एक मागे. ही मांडणी शोध घेणाऱ्याच्या फार सोयीची आहे, कारण एकेक भाग बाजूला करून गाडी चालवून बघता येते.

सगळ्यात आधी टायर. मड टायरचा घुरघुराट बेअरिंगसारखाच वाटतो. पण काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरावर आल्यावर सूर बदलला तर तो टायर आहे, बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं.

चाकाच्या बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर चढतो, पण अॅक्सिलरेटर दाबला-सोडला तरी तसाच राहतो. ही त्याची मुख्य खूण. दुसरी खूण वळणावर सापडते. लांब डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर जातो, तिथे घरघर वाढली तर उजवीकडचं बेअरिंग तपासा. चाक जॅकवर घ्या, खाली आधाराला घोडी लावा, एक हात पाट्यावर ठेवा आणि दुसऱ्याने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर पाट्यातून तळहाताला स्पष्ट लागते. पुढचं बेअरिंग बदलणं सोपं आहे. मागचं अर्ध्या एक्सलवर दाबून बसवलेलं असतं, कॉलर कापावी लागते आणि नवीन बसवायला प्रेस लागतो. तिथे हातोड्याने काम भागवणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

डिफचं, म्हणजे एक्सलच्या मधल्या गोळ्यातल्या डिफरन्शियलचं वागणं याच्या उलट. तो अॅक्सिलरेटरला उत्तर देतो. ओढताना हुंकार येतो आणि पाय काढला की थांबतो, किंवा ओढताना शांत असतो आणि घाट उतरताना गिअरमध्ये रडतो. पाय काढल्यावरचं रडणं बरेचदा पिनियनच्या, म्हणजे शाफ्टकडून ताकद घेणाऱ्या छोट्या गिअरच्या, सैल बेअरिंगचं असतं. अशा वेळी ‘पिनियनचं नट थोडं आवळून देतो’ असं कोणी म्हणालं तर थांबवा. ते नट बेअरिंगवरचा दाब ठरवतं, अंदाजाने आवळलं तर बेअरिंग गरम होऊन जातं. क्राउन (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) आणि पिनियनही नेहमी जोडीनेच बदलायचे.

पुढचा डिफ की मागचा, हे ठरवायला फ्री व्हीलिंग हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडवणारे हब) असतील तर हाताने दोन हब फिरवणं पुरेसं आहे. हब फ्री, ट्रान्सफरचा लिव्हर २एच वर (म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना; ४एच म्हणजे चारही चाकांना): पुढचा शाफ्ट आणि डिफ जवळपास थांबलेले असतात. आता हब लॉक करा, लिव्हर २एच वरच ठेवा. आवाज लॉक केल्यावरच आला तर तो पुढच्या डिफचा, पुढच्या शाफ्टचा किंवा चाकाजवळच्या जॉइंटचा. काहीच फरक पडला नाही तर मागचा शाफ्ट उतरवा, हब लॉक करा आणि ४एच मध्ये मोकळ्या सपाट रस्त्यावर थोडंसं चालवा. गाडी फक्त पुढच्या चाकांवर ओढते. हुंकार गेला तर मागचा डिफ किंवा मागचा शाफ्ट. बेअरिंगची घरघर मात्र तशीच राहील. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफरच्या मागे असतो. तिथे मागचा शाफ्ट निघाला की हँडब्रेकही गेला, हे लक्षात ठेवा.

क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट, या सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. भिंतीच्या कडेने, माणूस चालतो त्या वेगाने गाडी न्या आणि काच खाली ठेवा. चिक्-चिक् असा पक्ष्यासारखा आवाज आला, किंवा रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना खाली ‘ठक्’ झालं, तर क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबडी पूड आहे का बघा. चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट सुमारे चार वेळा फिरतो, त्यामुळे शाफ्टची थरथर चाकाच्या थरथरीपेक्षा कितीतरी बारीक आणि वेगवान असते. क्रॉस बदलल्यावर थरथर नव्याने सुरू झाली तर बहुधा शाफ्ट स्प्लाइनमध्ये (एकात एक सरकणाऱ्या खाचांमध्ये) दात चुकवून जोडलाय. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत हवेत. उतरवण्याआधी रंगाची खूण करून घेतली की हा प्रश्नच येत नाही.

आता ट्रान्सफर. जिप्सीचा ट्रान्सफर गिअरचा आहे, २एच मध्येही ताकद त्याच्या दात्यांमधूनच जाते, म्हणून थोडी किणकिण चांगल्या गाडीतही ऐकू येते. त्याची खरी चाचणी उभ्या गाडीत होते. चारही चाकांना दगड लावा, कारण ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये असला की गिअरमध्ये टाकलेली गाडीही घरंगळते. ट्रान्सफर एन (न्यूट्रल) वर, गिअरबॉक्स तिसऱ्यात, क्लच सोडा, थोडी रेस द्या. चाकं, डिफ, लांब शाफ्ट सगळे थांबलेले, फिरतात ते गिअरबॉक्स, आखूड शाफ्ट आणि ट्रान्सफरचा आतला अर्धा भाग. आवाज इथेही आला तर आखूड शाफ्ट सोडवून पुन्हा ऐका. तरीही राहिला तर गिअरबॉक्स. आवाज आलाच नाही तरी ट्रान्सफर संशयातून पूर्ण सुटत नाही, कारण आउटपुटची बेअरिंगं या चाचणीत फिरत नाहीत आणि दात्यांवर भारही नसतो.

उघडण्याआधी त्याची तीन रबरी माउंटिंग बघा. ती दबून बसली की आखूड शाफ्टचा कोन बिघडतो आणि गाडी वेग घेताना गडगड येते. मग दोन्ही डिफ आणि ट्रान्सफरचं ऑइल एकेका स्वच्छ भांड्यात काढा. ऑइलच्या बोल्टवरच्या चुंबकावर राखाडी लेप असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे तुकडे असतील तर तो भाग उघडायलाच हवा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात सह्याद्रीतले ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांत हे हमखास घडतं: तापलेलं एक्सल गार पाण्यात बुडतं, ब्रीदर (एक्सलची हवा आत-बाहेर करणारी नळी) तुंबलेला असतो आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. गाडी विकत घेत असाल तर हे ऑइल काढून बघण्याचा आग्रह धराच, जाड ऑइल भरून आवाज काही दिवस दाबता येतो.

डिफ गेलाच असेल तर क्राउन-पिनियनची जोडी बदलून शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) लावायच्या की जुन्या गाडीचा अख्खा डिफचा गोळा आणून टाकायचा? शिम आणि बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) मोजून बसवणारा मेस्त्री हाताशी असेल तर नवीन जोडी. नसेल तर चांगला जुना गोळा बरा, कारण तो जसाच्या तसा बदलता येतो. मात्र क्राउनचे आणि पिनियनचे दात मोजून घ्या. पुढचा-मागचा रेशो वेगळा निघाला तर ४एच मध्ये दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतील आणि नवीन आवाज सुरू होईल. ट्रान्सफर उघडायची वेळ आलीच तर एकच बेअरिंग बदलून बंद करू नका. मजुरी सारखीच पडते, सगळी बेअरिंगं आणि सील एकदम टाका आणि दात्यांवर खड्डे दिसले तर ते गिअरही त्याच वेळी बदला.