लहान स्पोर्ट्स स्टीअरिंग की कंपनीच्याच रिमवर नवं लेदर?

जुन्या गाडीचं स्टीअरिंग गुळगुळीत, चिकट झालं आणि धरावंसं वाटेना, की दोन वाटा समोर येतात. बॉस किट (स्टीअरिंगचा दांडा आणि नवं व्हील यांना जोडणारा सांधा) लावून त्यावर बाहेरचं लहान व्यासाचं स्टीअरिंग व्हील चढवायचं, किंवा कंपनीचंच व्हील उतरवून त्याच्या रिमवर चांगलं लेदर शिवून घ्यायचं. मी एकाच गाडीवर दोन्ही वापरलं आहे, आणि दोन्ही मनापासून आवडलं आहे.

गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग असेल, तर माझ्या मते निवडीचा प्रश्नच उरत नाही. बाहेरच्या व्हीलमध्ये बहुतेक वेळा एअरबॅग नसते. मग डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटू नये म्हणून सर्किटमध्ये रेझिस्टर, म्हणजे एअरबॅग जागेवरच आहे असं भासवणारा विजेचा सुटा भाग, टाकतात. दिवा विझतो, पण अपघातात छातीसमोर काहीच फुगत नाही. रेझिस्टर न टाकता दिवा तसाच जळत ठेवला, तर बऱ्याच गाड्यांत बाकीच्या एअरबॅगांचाही भरवसा राहत नाही. शिवाय क्रूझ कंट्रोल आणि आवाजाची बटणंही जातात. अशा गाडीला लेदर करून घ्या, आणि एअरबॅगच्या झाकणाला सुई-दोरा लागू देऊ नका. माझी गाडी एअरबॅगच्या आधीच्या काळातली, म्हणून मला निवड होती.

बाहेरच्या व्हीलचं सुख खरं आहे. रिम जाड, पकड भरीव, आणि हात थोडासा हलला तरी गाडी वळते. कंपनीचं व्हील ३८० मिलिमीटरचं होतं, नवं ३५० चं. व्यास कमी झाला की तेवढ्याच वळणाला जोर जास्त लागतो; या फरकाला हिशेबाने सुमारे ९ टक्के, आणि ३२० घेतलंत तर जवळपास १९. पॉवर स्टीअरिंग असेल तर हे जाणवणारही नाही. नसेल तर ते पार्किंगच्या वेळी खांद्याला कळतं, पण चालत्या गाडीत मला त्याचा त्रास झाला नाही.

बसवण्याचं काम अवघड नाही, नेमकं मात्र आहे. मोमो, स्पार्को, ओएमपी या ब्रँडच्या व्हीलवर सहा बोल्टांचं वर्तुळ ७० मिलिमीटरचं असतं, नार्डीचं ७४ चं. बॉस घेताना हे बघा. बॉसच्या मागचा खटका इंडिकेटरच्या यंत्रणेत नीट बसला नाही, तर वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नाही. माझ्या गाडीत दोन्ही व्यवस्थित जमलं.

माझा कौल फिरला तो स्पीडोमीटरमुळे. लहान व्हीलच्या रिमची वरची कमान खाली येते. ३८० वरून ३५० वर आल्यावर ती दीड सेंटीमीटर उतरते आणि रिम जाड असेल तर आणखी थोडी. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण रिम डोळ्यांच्या जवळ असते आणि डायल तिच्या मागे लांब, त्यामुळे डायलवर झाकला जाणारा पट्टा दीड सेंटीमीटरपेक्षा मोठा असतो. त्यात बॉस किटची लांबी आणि व्हीलची खोली मिळून रिम आणखी जवळ येते, की तो पट्टा अजून वाढतो. माझ्या डायलवर ६० ते १०० हे आकडे नेमके माथ्यावर आहेत. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर जो वेग पाहायचा असतो, तोच दिसत नाही. काटा रिमखाली गेला की मान किंचित खाली घालून बघायचं. दर वेळी. सीट खाली केली तर आकडे दिसायचे, पण बॉनेटचं टोक दिसेनासं व्हायचं. स्टीअरिंगचा कॉलम वर-खाली होणारा असता तर कदाचित निभावलं असतं. माझा पक्का आहे. सवय होईल असं वाटत होतं, झाली नाही. इंजिनच्या आवाजावरून वेगाचा अंदाज येतो हे खरं, पण कॅमेरे लावलेल्या रस्त्यावर अंदाजाने गाडी चालवायला मला आवडत नाही.

शेवटी कंपनीचं व्हील परत चढवलं, रिमवर पातळ फोमचा थर आणि वर छिद्रांचं लेदर हाताने शिवून. त्या शिवणीने मला अपेक्षेपेक्षा बरंच जास्त दिलं. बाहेरच्या व्हीलमध्ये मला सर्वांत जास्त आवडायची ती जाडी, आणि तीच इथे मिळाली. बारीक, टणक प्लॅस्टिकचा तो स्पर्श गेला. डायल पूर्ण दिसतो, हॉर्न अंगठ्याखाली जिथल्या तिथे. फोम जाड घालू नका, नाहीतर वरची कमान पुन्हा डायलवर उतरेल. बाजारात मिळणारं, वरून ओढून चढवायचं कव्हर यात मी धरत नाही. ते तळव्याखाली सरकू शकतं, आणि वळणावर मला ते नको.

लहान व्हीलची चपळाई मात्र लेदरने येत नाही, हे मान्य करायला हवं. गाडी ट्रॅकवर नेत असाल, किंवा वेगाचा डायल डॅशबोर्डच्या मधोमध असेल, तर माझी तक्रार तुम्हाला लागू नाही. लहान व्हील आनंदाने घ्या. रोजच्या वापराच्या गाडीला मी तरी लेदरच सुचवेन.

ठरवण्याआधी पुठ्ठ्याची एक कडी कापा. बाहेरचा व्यास घ्यायच्या व्हीलएवढा, रुंदी त्याच्या रिमच्या जाडीएवढी. ती कंपनीच्या व्हीलवर मधोमध, बॉसमुळे रिम जेवढी तुमच्याकडे येणार असेल तेवढी पुढे धरून चिकटवा. गाडी उभीच ठेवून नेहमीच्या सीटवर नेहमीसारखे टेकून बसा, आणि तुमच्या रोजच्या वेगाचा आकडा दिसतो का ते पाहा.