मोगरा, संत्र्याची साल आणि गोव्याची एक जिन

फुलांचा वास आणि लिंबाचा आंबटपणा एकाच पेल्यात आणणारे जिनचे कॉकटेल घरी करायचे म्हटले, की पहिली अडचण फुलांची येते. जुन्या पाककृती त्यासाठी व्हायोलेटच्या फुलांचे लिक्युअर (म्हणजे गोड, सुगंधी मद्य) मागतात आणि अलीकडच्या पाककृती एल्डरफ्लॉवर या युरोपीय फुलाचे. न्यूयॉर्कमधील बारटेंडर ह्यूगो एन्सलिन यांनी १९१६ साली छापलेले 'एव्हिएशन' हे याच जातीचे पेय आहे. त्यात जिन, लिंबाचा रस, माराश्चिनो चेरीचे लिक्युअर आणि व्हायोलेट एवढेच पडते. आमच्या भागातील दुकानदाराकडे मी व्हायोलेटची चौकशी केली, तेव्हा त्याने आधी माझ्याकडे आणि मग वरच्या फळीकडे पाहिले आणि "साहेब, ब्लू कुरासाओ चालेल का?" असे विचारले. संत्र्याच्या सालीचे ते निळे लिक्युअर चालणार नव्हते. घरी परतलो तेव्हा गॅलरीतल्या कुंडीत मोगरा फुलला होता आणि प्रश्न तिथल्या तिथे सुटला. फूल आपल्या हातचे आहे, हे एकदा ठरल्यावर त्याच्याशी जुळेल अशी जिन शोधायची होती. त्या शोधात महिनाभर वापरलेल्या 'स्ट्रेंजर अँड सन्स' या जिनचे हे परीक्षण आहे.

ही जिन गोव्यात थर्ड आय डिस्टिलरीत तयार होते आणि २०१८ पासून बाजारात आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, नाओ स्पिरिट्स या कंपनीने 'ग्रेटर दॅन' ही जिन आणली होती. काजूच्या फेणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गोव्याला जिनचे गाव ही नवी ओळख मिळाली ती त्या दोन-तीन वर्षांत. जिन म्हटली की तिच्यात ज्युनिपर या सदाहरित झुडपाची फळे असलीच पाहिजेत. आपल्या आयुर्वेदात त्याला 'हपुषा' म्हणतात आणि नाओच्याच दुसऱ्या एका जिनचे नाव 'हपुसा' आहे ते त्यावरूनच. ज्युनिपरच्या जोडीला काय घालायचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते. स्ट्रेंजर अँड सन्समध्ये तो मान सालींना मिळाला आहे. तिच्यात नागपुरी संत्र्याची साल आहे, लिंबाची आहे आणि बंगालमधल्या गंधराज लिंबाचीही आहे. (गंधराज हे नाव अनंताच्या फुलालाही आहे. त्यामुळे ही यादी पहिल्यांदा वाचताना, फूल आधीच बाटलीत आहे की काय, असा माझा गोड गैरसमज झाला होता.) शिवाय धणे, काळी मिरी, जायफळ, जायपत्री आणि ज्येष्ठमध आहेतच. म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातली निम्मी मंडळी इथेही हजर आहेत.

बाटली उघडून नुसती हुंगली की सर्वांत आधी साल येते. लहानपणी संत्र्याची साल भावंडांच्या डोळ्यांपुढे धरून चिमटली की जो बारीक फवारा उडायचा आणि पुढे रडारड व्हायची, तोच हा वास. ज्युनिपरचा पाइनसारखा हिरवा वास त्याच्या मागून येतो. घोट घेतल्यावर जिभेच्या टोकाला गोडसर लिंबू लागते आणि गिळताना मिरी व जायपत्रीची ऊब घशाशी रेंगाळते. लेबलावर ४२.८ टक्के अल्कोहोल लिहिलेले आहे. भारतीय बाटल्यांवर हा आकडा वारंवार दिसतो, कारण मद्याची तीव्रता मोजण्याच्या जुन्या पद्धतीतले ७५ डिग्री प्रूफ म्हणजे हेच. कॉकटेलसाठी ही तीव्रता सोयीची ठरते. लिंबू, पाक आणि वितळलेला बर्फ यांची भर पडल्यावरही जिन त्यांच्याखाली दबत नाही.

मोगऱ्याशी हिचे जुळते कसे, याचे उत्तर मला धण्यात सापडले. धण्याच्या सुगंधाचा मुख्य घटक लिनालूल हा आहे आणि मोगऱ्याच्या सुगंधातही तोच असतो. जिनमधला धणा आणि वरून घातलेले फूल यांची ओळख जुनीच म्हणायची. आपल्या घरांत उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी किंवा मोगऱ्याची चार फुले टाकतात. जिभेला सवय असलेला तोच वास इथे आंबटाच्या सोबतीने येतो.

पाक मात्र सहजी जमला नाही. पहिल्यांदा मी बाजारातले तयार गुलाबाचे सरबत वापरून पाहिले. त्यात गुलाब कमी आणि लाल रंग व साखर जास्त होती. पेला दिसायला सुंदर झाला, पण चवीला लग्नाच्या मांडवातल्या सरबतासारखा लागला. दुसऱ्यांदा मंडईतून गजऱ्याची फुले आणली आणि ती उकळत्या पाकात टाकली. ही एकाच दिवसात केलेली दोन चुकांची कमाई होती. गजऱ्याच्या फुलांवर फवारणी झालेली असण्याची शक्यता असते, त्यामुळे ती पोटात जाऊ देऊ नयेत, हे मला नंतर सुचले. शिवाय मोगरा उकळला की त्याचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि मागे उकडलेल्या पालेभाजीचा वास राहतो. तो सगळा पाक मोरीत ओतला.

तिसऱ्यांदा घाई केली नाही. मार्चच्या सुरुवातीला मृग बहाराची संत्री अजून बाजारात असतात आणि मोगऱ्याला पहिल्या कळ्या धरू लागतात. ही गाठ थोड्याच दिवसांची असते, ती साधावी. चार संत्री कोमट पाण्याने स्वच्छ धुऊन त्यांच्या साली काढल्या. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे ती सोलाण्याने निघत नाही, हातानेच सोलावी लागते. मग आतला पांढरा भाग चमच्याच्या कडेने खरवडून टाकावा लागतो, कारण कडूपणा तिथेच असतो. या साली २०० ग्रॅम साखरेत चुरगाळून सहा तास झाकून ठेवल्या. साखर सालीतले तेल ओढून घेते आणि ओल्या वाळूसारखी पिवळसर, चिकट होते. त्यात २०० मिलिलिटर गार पाणी घालून, आच न देता, नुसते ढवळत राहून ती विरघळवली आणि गाळून घेतली. संध्याकाळी कुंडीतली पंचवीस फुले देठ काढून त्या पाकावर तरंगत सोडली. मोगरा रात्री उमलतो आणि त्याचा वास तेव्हाच सर्वांत भरात असतो, म्हणून कळ्या अर्धवट उघडू लागल्या की तोडाव्यात. भांडे रात्रभर ओट्यावरच झाकून ठेवले आणि सकाळी फुले तपकिरी पडायच्या आत काढून टाकली. फूल जास्त वेळ राहिले तर सुगंधाला एक जड, शिळी छटा येते. एकदा मी ती दुसऱ्या दुपारपर्यंत विसरलो होतो. त्या पाकाचा पहिला घोट घेऊन वहिनी म्हणाल्या, "अहो भावोजी, हा तर कालचा गजरा चघळल्यासारखा लागतोय!" आणि त्यांचे अगदी बरोबर होते.

इथे एक इशारा देणे आवश्यक आहे. पांढरे आणि सुवासिक असलेले प्रत्येक फूल खाण्याजोगे नसते. अंगणातली कण्हेर विषारी आहे. कुंडीत काय लावले आहे याची खात्री नसेल, तर फुलाचा नाद सोडून नुसत्या सालीच्या पाकावर भागवावे.

आता प्रमाण. ६० मिलिलिटर जिन, म्हणजे आपल्या भाषेत एक लार्ज, ताज्या कागदी लिंबाचा २२ मिलिलिटर रस आणि वरचा पाक २० मिलिलिटर. मध्यम आकाराची दीड लिंबे पुरतात. रस ऐन वेळीच काढावा, कारण फ्रिजमध्ये ठेवलेला रस कडवट होतो. मोजायला बारमधले माप नसेल, तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे खुणा असलेले छोटे झाकण स्वच्छ धुऊन वापरावे. मी अजूनही तेच वापरतो. अंदाजाने मात्र ओतू नये. या पेयात पाच मिलिलिटरचा फरकसुद्धा कळतो आणि पाक जरा जास्त झाला तर जायपत्री व ज्येष्ठमधाची गोडसर उष्णता मोगऱ्याला झाकून टाकते.

हे सर्व भरपूर बर्फासोबत दहा-बारा सेकंद जोरात हलवायचे. यासाठी मी ऑनलाइन मागवलेला स्टीलचा शेकर पहिल्याच दिवशी सांध्यातून गळू लागला आणि अर्धा पेला माझ्या सदऱ्यावर गेला. तेव्हापासून मुरांब्याची रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची काचेची बरणी आणि चहाची गाळणी यांच्यावर काम भागते आणि काही अडत नाही. हलवण्याचा उद्देश केवळ गारवा हा नसतो. बर्फ वितळून तयार पेयाच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा पाणी त्यात मिसळते आणि त्या पाण्यामुळेच अल्कोहोलची धार बोथट होऊन सुगंध मोकळा होतो. म्हणून बर्फाकडे लक्ष द्यावे लागते. घरच्या फ्रीजरमध्ये त्याच्या शेजारी आले-लसणाचे वाटण, खवलेला नारळ आणि क्वचित बांगडे नांदत असतात आणि बर्फ त्या सर्वांचा वास निमूटपणे शोषून घेतो. लसणाचा वास लागलेल्या बर्फापुढे मोगरा टिकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. बर्फ झाकणाच्या डब्यात, त्याच दिवशी केलेला असावा.

गाळून पेल्यात ओतल्यावर संत्र्याच्या सालीचा रुपयाएवढा तुकडा पृष्ठभागावर धरून चिमटावा, म्हणजे तेलाची बारीक साय वर पसरते. नाक पेल्याजवळ नेले की आधी संत्रे येते आणि मग, पेला ओठांना लागता लागता, मोगरा. चव मात्र उलट्या क्रमाने उलगडते. आधी लिंबाचा स्वच्छ आंबटपणा, मध्ये फूल आणि सर्वांत शेवटी मिरी. या शेवटच्या मिरीमुळेच पेय अत्तरासारखे होण्यापासून वाचते. फुलांच्या बहुतेक कॉकटेलांचा घात तिथेच होतो, म्हणून या जिनच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा मी हाच धरतो.

तुलनेसाठी हेच पेय मी ग्रेटर दॅन घालूनही केले. तिच्यात ज्युनिपर पुढे आहे, त्यामुळे पेय अधिक कोरडे आणि नेटके झाले. लिंबू ठळक उठून दिसले, पण संत्रे जवळपास सर्वस्वी पाकाच्या भरवशावर राहिले. ज्यांना जिनमध्ये ज्युनिपरच हवा असतो, त्यांनी तीच घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत संत्री घ्यावीत. स्ट्रेंजर अँड सन्समध्ये ज्युनिपर मागच्या बाकावर बसलेला आहे. हा तिचा दोष म्हणण्यापेक्षा स्वभाव म्हणावा, पण घेणाऱ्याला तो आधी माहीत असलेला बरा. टॉनिक वॉटरसोबत ती उत्तम लागते. मात्र मोगऱ्याच्या पाकावर टॉनिक ओतू नये, त्यातल्या क्विनाइनचा कडूपणा फुलाला पार गिळतो. लांब पेला हवाच असेल तर साधा सोडा घालावा. एप्रिलच्या दुपारी तो अधिक पटतो.

किमतीबद्दल एवढेच सांगतो, की महाराष्ट्रातला कर गोव्यापेक्षा बराच जास्त असल्यामुळे पणजीला जाऊन आलेल्या माणसाला इथली पावती पाहून वाईट वाटते. त्यावर उपाय म्हणून तिकडच्या बाटल्या बॅगेत घालून आणण्याचा मोह टाळावा. वाहतुकीच्या परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे. इथे मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि जिनसारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे १२ पेले होतात आणि वरच्या मापात केलेला पाक तेवढ्या पेल्यांना सहज पुरतो. तो फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस चांगला राहतो, पण मोगरा तिसऱ्या दिवसापासून उतरू लागतो. म्हणून आता मी निम्म्याच मापाने करतो आणि पाहुणे येणार असतील तर आदल्या संध्याकाळीच फुले तोडून ठेवतो. परवा शेवटचे चार पेले उरले होते आणि कुंडीत सहाच कळ्या होत्या. त्या पाकात न घालता प्रत्येक पेल्यात एकेक फूल नुसते तरंगत सोडले आणि उरलेल्या दोन कळ्या वहिनींनी केसांत माळल्या.