२.१ स्पीकर, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: आवाज चांगला, वायर भिकार आणि ती घूंऽऽ

असल्या २.१ सेटचे (दोन छोटे स्पीकर आणि बेससाठी एक सब-वूफर) वॅट, ब्लूटूथ, रिमोट वगैरे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, त्यात वेळ घालवत नाही. गाणी स्वच्छ वाजतात. बेस जरा अंगावर येतो, पण सब-वूफर भिंतीपासून हातभर पुढे ओढला की आवरतो. लिहायचंय ते गाणं थांबल्यावर जे ऐकू येतं त्याबद्दल.

त्याआधी एक तक्रार. ३.५ एमएमची ऑडिओ वायर सब-वूफरच्या पाठीतून थेट बाहेर आलीय, सॉकेटच नाही. वायर शेवईसारखी बारीक, शिल्ड (आतल्या तारांभोवतीचं जाळीचं कवच) नावापुरती. पंधरा-वीस रुपयांचं सॉकेट वाचवून कंपनीने गिऱ्हाइकाच्या डोक्याला कायमचा ताप दिलाय. घरघर कुठून येते हे शोधताना पहिलं काम असतं वायर स्पीकरकडून काढून बघायचं, आणि इथे तेच करता येत नाही. कॉम्प्युटरकडची पिन उपसली तर लोंबती वायर अँटेनासारखी घरच्या विजेचा ५० हर्ट्झ हवेतून ओढून घेते आणि घूंऽऽ उलट वाढते. मग माणूस म्हणतो, स्पीकरच बिघडला. सर्व्हिस सेंटरवालेही हेच ऐकून ‘बोर्ड बदलावा लागेल’ म्हणून मोकळे होतात.

यावर उपाय स्वयंपाकघरात आहे. पिन कॉम्प्युटरमधून काढा आणि पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा तिच्यावर टोकापासून बुडापर्यंत घट्ट गुंडाळा. तिन्ही कडी एकमेकींना जोडल्या गेल्या पाहिजेत. इनपुट शॉर्ट झाला की ॲम्प्लिफायरला बाहेरून काही मिळत नाही, आणि याने काही जळतही नाही. आता आवाज गेला तर स्पीकर निर्दोष, रोग कॉम्प्युटरकडे किंवा अर्थिंगमध्ये. तसाच राहिला तर व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही तितकाच येत असेल तर दोष व्हॉल्यूमच्या बटणाच्या पुढे, म्हणजे बहुतेक वेळा पॉवर सप्लायमध्ये.

नवा सेट असताना फॉइल लावली की चिडीचूप व्हायचा, म्हणजे दोष बाहेरचा. अशा वेळी आवाजाची जात ओळखली की निम्मं काम होतं. माउस हलवला, पान सरकवलं की चिरचिर बदलते? ती मदरबोर्डची. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते, त्यामुळे पिन आधी मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. साउंड सेटिंगमध्ये स्पीकरच्या लेव्हल्समध्ये जाऊन माइक आणि लाइन-इन म्यूट करा. विंडोजचा आवाज ८०-९० टक्क्यांवर ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरवरून करा. एवढ्याने भागलं नाही तरच यूएसबी साउंड कार्ड घ्या. यूएसबीवरून फक्त वीज घेणाऱ्या छोट्या स्पीकरांत हीच चिरचिर असेल तर त्यांची यूएसबी कॉम्प्युटरमधून काढून मोबाइलच्या चार्जरला लावा, बहुतेकदा फुकटात काम होतं.

टिर्र-टिक-टिक-टिक असा आवाज येऊन पाठोपाठ फोन वाजतो तो मोबाइलच्या २जी सिग्नलचा, २१७ हर्ट्झच्या ठोक्याचा. जिओला २जी नाहीच, त्यामुळे तिथे तो येत नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं कार्ड २जीवर गेलं की येतो. फोन दोन हात लांब ठेवा, खर्च शून्य.

आता मुख्य गुन्हेगार, अर्थिंग. आपल्याकडे जुन्या वायरिंगच्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. एसएमपीएसमधल्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या) फिल्टर कपॅसिटरमुळे मग कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा, पण तो ऑडिओ वायरच्या शिल्डमधून वाट काढतो आणि झ्झ्झ असा धारदार आवाज देतो. कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला टेस्टर लावा. मंद पेटला तर अर्थिंग नाही. मल्टिमीटर असेल तर सॉकेटवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवं. लॅपटॉपची परीक्षा सोपी: चार्जर काढल्यावर आवाज थांबला तर बहुधा हेच कारण.

काही वायरमन ‘करून देतो’ म्हणत सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. हे चालवून घेऊ नका. न्यूट्रल तुटली किंवा फेज-न्यूट्रल उलटे झाले तर कॅबिनेटवर थेट २३० व्होल्ट येतात. तसंच आवाज जातो म्हणून प्लगची अर्थची पिन कापू नका.

अर्थिंग ठीक असूनही घूंऽऽ येते आणि कॉम्प्युटर एचडीएमआयने टीव्हीला जोडलाय? केबलवाल्याची कोॲक्स वायर सेट-टॉप बॉक्सच्या मागून काढून बघा. तिची शिल्ड दुसरीकडे कुठेतरी अर्थ झालेली असते आणि दोन अर्थिंगमध्ये लूप तयार होतो. इथे ग्राउंड लूप आयसोलेटर (ऑडिओ वायरच्या मध्ये लावून हा लूप तोडणारी डबी) खरंच उपयोगी. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, दीड-दोनशे रुपयांत मिळतो. स्वस्तातला खालचा बेस थोडा खातो, म्हणून तो शेवटी. यूएसबी साउंड कार्डाने लूप तुटत नाही, कारण त्याचं ग्राउंड कॉम्प्युटरचंच.

इथपर्यंत हा सेट चार स्टारांचा होता. पावसाळ्यानंतर मत बदललं.

आता फॉइल लावून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनही सब-वूफर जाड आवाजात घुमतो. हा १०० हर्ट्झ: ब्रिज रेक्टिफायरने एसीचं डीसी केल्यावर उरणारी लहर (रिपल), जी स्पीकरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरने गिळायला हवी होती. (स्पीकरच्या पडद्यातून नाही, खोक्याच्या लाकडातून आवाज येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरचा, स्क्रू आवळा, खाली रबरी वॉशर घाला.) वॉरंटीत असताना सर्व्हिस सेंटरचं उत्तर ‘एवढा आवाज नॉर्मल असतो’, वॉरंटी संपल्यावर ‘अख्खा बोर्ड’. बोर्डाच्या भावात थोडी भर घातली की नवा सेट येतो!

आत सापडतात २५ व्होल्टचे, ८५ डिग्रीपर्यंतच उष्णता सोसणारे दोन कपॅसिटर, हीट सिंकला जवळजवळ टेकलेले. सुकणार नाहीत तर काय? टोपी फुगलीय का ते बघा. बुडाशी तपकिरी चिकट दिसलं म्हणजे गळलाच असं नाही, कारखान्यातला डिंकही तसाच दिसतो. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त (३५ चालतील, उंची मापून घ्या) आणि १०५ डिग्रीचे. पांढरी पट्टी मायनसकडे. प्लग काढून पाच मिनिटं थांबा, कपॅसिटरवर व्होल्टेज उरलं नाही हे मीटरने बघा आणि मगच हात घाला. सोल्डरिंग येत नसेल तर टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे द्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दोन्ही नग पन्नासेक रुपयांच्या आत मिळतात. घूंऽऽ गेली.

आता तीन स्टार. एक कापला कपॅसिटरसाठी आणि एक त्या वायरसाठी, आणि तो परत मिळणार नाही. खोकं उघडलंच आहे तर मागच्या पॅनेलला ६ एमएमचं भोक पाडून ३.५चं स्टिरिओ सॉकेट बसवून घ्या: डावी, उजवी आणि शिल्ड जुन्याच जागी, वायर जेमतेम पुरेल एवढीच, ट्रान्सफॉर्मरपासून लांबून नेलेली. भोक पाडताना लोखंडाचा कीस बोर्डावर पडू देऊ नका.