जावा अनुप्रयोगाला स्क्रिप्टिंगची जोड: ग्रूवी, जायथॉन की बाहेरचे पायथन?

मुक्त स्रोत जावा अनुप्रयोगाला स्क्रिप्टिंगची सोय जोडायची ठरली की चर्चा बहुधा भाषेच्या आवडीनिवडीवर येते. पण स्क्रिप्ट अनुप्रयोगाच्या जेव्हीएममध्ये (जावा कोड चालवणाऱ्या आभासी यंत्रात) चालणार की बाहेरून त्याच्याशी बोलणार, हे आधी ठरवावे, कारण भाषांचे पर्याय त्यावरूनच कमी होत जातात.

आत चालवायची असेल तर ग्रूवी ही जेव्हीएमसाठीची भाषा सर्वांत कमी कटकटीचा पर्याय आहे. ती थेट जेव्हीएमला समजणाऱ्या बाइटकोडमध्ये रूपांतरित होते, जावाचे ऑब्जेक्ट जसेच्या तसे वापरते आणि जावा जाणणाऱ्याला नव्याने फारसे शिकावे लागत नाही. बिल्ड आणि चाचण्या स्वयंचलित करणाऱ्या जेन्किन्सच्या पाइपलाइन तिच्यातच लिहितात. मात्र वापरकर्ते संशोधक किंवा विश्लेषक असतील तर ते पायथनच मागतील. जेव्हीएमवर चालणारे पायथन, म्हणजे जायथॉन, तेथे सोयीचे वाटते, पण त्याची स्थिर आवृत्ती पायथन २.७ वरच थांबलेली आहे, ज्याचा अधिकृत आधार २०२० च्या आरंभी संपला, आणि संख्यात्मक गणनेच्या नमपायसारखी सी भाषेवर उभी असलेली ग्रंथालये (लायब्ररी) त्यात चालत नाहीत. नव्या प्रकल्पासाठी मी ते सुचवणार नाही. तयार प्रोग्रामची उकल करणाऱ्या घिड्रा या जावा साधनाचे उदाहरण बोलके आहे: २०१९ मध्ये ते जायथॉनसह खुले झाले आणि २०२५ च्या ११.३ आवृत्तीत पायथन ३ साठी जेपाइप या पायथन-जावा दुव्यावर आधारित पायघिड्रा अधिकृतपणे आले.

जेपाइप पायथनच्याच प्रक्रियेत जेव्हीएम सुरू करते. त्यामुळे कॉल जलद होतात, परंतु एकदा बंद केलेले जेव्हीएम त्याच प्रक्रियेत पुन्हा सुरू करता येत नाही. पाय४जे हे याच कामाचे दुसरे साधन सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रक्रियांमधील नेटवर्क जोडणीवरून, बोलते, म्हणून आधीच चालू असलेल्या अनुप्रयोगाला ते जोडता येते. किंमत अशी की प्रत्येक कॉल सॉकेटवरून जातो आणि मोठ्या अ‍ॅरेतील एकेक घटक मागितल्यास वेग कोसळतो.

सुरक्षेबाबत गैरसमज नको. जेव्हीएममधील स्क्रिप्टला अनुप्रयोगाचे सर्व अधिकार मिळतात, आणि तिला आवर घालणारा सिक्युरिटी मॅनेजर जावा १७ मध्ये कालबाह्य ठरून जावा २४ मध्ये कायमचा निष्क्रिय झाला. पाय४जेची प्रक्रिया वेगळी असली तरी पोर्टशी जोडणाऱ्याला जावाच्या वर्गांपर्यंत पोहोचता येते. म्हणून ते पोर्ट स्थानिक पत्त्यापुरते (त्याच संगणकापुरते) ठेवून ओळख-टोकन लावणे आवश्यक आहे.

स्क्रिप्ट चालवणारे इंजिन जेडीकेच्या (जावाच्या विकाससंचाच्या) भरवशावर सोडू नये. जावा १५ मधून नॅशहॉर्न हे जावास्क्रिप्ट इंजिन काढले गेले, तेव्हा नावाने इंजिन मागणाऱ्या कोडला त्रुटी दाखवणाऱ्या अपवादाऐवजी नुसता नल (रिकामे मूल्य) मिळू लागला. इंजिन अनुप्रयोगासोबतच द्यावे आणि स्क्रिप्टना अंतर्गत वर्गांऐवजी स्थिर, लहानसा एपीआय (बाहेरून वापरण्याचा ठरावीक संच) दाखवावा. माझ्या मते खरी मेहनत येथेच घालावी: वापरकर्त्यांच्या स्क्रिप्ट एकदा अंतर्गत वर्गांवर उभ्या राहिल्या की त्या वर्गांचे साधे नाव बदलणेही त्यांच्यासाठी मोडतोड ठरते, मग भाषा कोणतीही निवडलेली असो.