७ नंबरची जुनी जर्सी मागवली, तिचा रिव्ह्यू

आधी कामाचं सांगतो, साइजचा चार्ट बघून फसू नका. मी एम मागवली, लेबलवरही एमच आहे, पण घालताना मुंडकं आत आणि दोन्ही हात वर अशा अवस्थेत मी अडकलो आणि शेवटी बायकोने मागून ओढून सोडवलं. रग्बीची जर्सी मुद्दामच अंगाला घट्ट शिवतात म्हणे, समोरच्याच्या मुठीत कापड सापडू नये म्हणून. तेव्हा पोट असेल तर दोन साइज मोठी घ्या. मला आहे.

तर जर्सी लीड्स ऱ्हायनोजची, म्हणजे इंग्लंडातल्या लीड्स शहराच्या रग्बी क्लबची, निळी आणि अंबर, पाठीवर ७ आणि त्याच्यावर बरो हे आडनाव, त्यांचा जुना खेळाडू रॉब बरो. सेकंडहँड, एका ऑनलाइन विक्रेत्याकडून, १८ पाउंडाला. नाव लिहीत नाही, कारण माणूस बोलायला चांगला होता, पण फोटोत "नव्यासारखी" लिहिलेलं आणि हातात आल्यावर ७ च्या खालच्या टोकाला भिंतीच्या रंगासारखे पापुद्रे सुटलेले. तीन दिवसांत येणार होती ती अकराव्या दिवशी आली आणि पाकीट उघडल्यावर घरभर डांबरगोळ्यांचा वास. बायकोचं पहिलं वाक्य, "अरे, हे कुणाचं उतरलेलं आणलंस?" आणि दुसरं, "तू रग्बी कधीपासून बघतोस?"

दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे. आपल्याकडे रग्बी म्हटलं की बॉम्बे जिमखान्यावरची, तो युनियन नावाचा प्रकार, पंधरा जणांचा. लीड्सवाले खेळतात ती लीग, तेरा जणांची. १८९५ साली हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, भांडण कशावरून तर खाणीत आणि गिरणीत राबणारा खेळाडू मॅचसाठी खाडा करणार, त्या बुडालेल्या मजुरीचे पैसे त्याला द्यायचे का नाही. गिरणगावातली कबड्डी बघितलेल्या माणसाला हे लगेच कळतं, मला तरी कळलं. नियमही सोपे, सहा वेळा तुम्हाला पाडलं की बॉल समोरच्याला, बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की ट्राय, त्याला ४ गुण, बाकी मारामारी बघत बघत कळते.

आणि या शंभर शंभर किलोच्या बैलांमध्ये रॉब बरो होता ५ फूट ५ इंच. म्हणजे माझ्याएवढा. मी लोकलमध्ये दांडी पकडायला टाचा उंच करणारा माणूस, मला हे बघून काय वाटलं असेल विचार करा. पाँटफ्रॅक्टमध्ये जन्म, २००१ ला लीड्सकडून पहिली मॅच, २०१७ ला शेवटची, मधे दुसरा क्लबच नाही. ४९२ मॅच. आठ वेळा ग्रँड फायनल, म्हणजे लीगच्या हंगामाची शेवटची फायनल, जिंकला. २००७ ला ग्रेट ब्रिटनने न्यूझीलंडला मालिकेत ३-० धुतलं त्यातही हा होताच.

एक गंमत सांगतो. लीड्समधलं हेडिंग्ले म्हणजे आपल्यासाठी २००२ ची टेस्ट, सचिन १९३, द्रविड १४८, गांगुली १२८, डावाने जिंकलो होतो. त्या क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावूनच रग्बीचं मैदान आहे, मधला स्टँड दोघांत सामायिक, चाळीतल्या दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीसारखा. म्हणजे आपण टीव्हीसमोर सचिनची डबल सेंच्युरी सात रनांनी हुकली म्हणून हळहळत होतो तेव्हा भिंतीपलीकडच्या टीममध्ये हे १९ वर्षांचं पोरगं नुकतं रुळत होतं आणि आपल्याला पत्ताही नाही.

त्याचा एक ट्राय मात्र बघाच, २०११ ची ग्रँड फायनल, ओल्ड ट्रॅफर्ड, समोर सेंट हेलेन्स. लीड्स लीगमध्ये पाचवे आलेले, कुणी फार धरत नव्हतं. हा बेंचवरून आला, बॉल उचलला, पहिला आडवा आला त्याच्या हाताखालून वाकून निसटला, म्हणजे अक्षरशः आपण दोरीखालून जातो तसा, मग समोर फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे राखण करणारा, एकटा उरला तर त्याला वळसा घालून पळाला तो पळालाच. पाय एवढे भराभर पडतात की व्हिडिओ फास्ट केलाय असं वाटतं. मी तो ट्राय किमान चाळीस वेळा बघितलाय आणि तो हात दर वेळी हवेतच राहतो. ३२-१६ ने जिंकले आणि फायनलमधला सर्वोत्तम खेळाडूही हाच.

आता हल्ली त्याचं नाव निघालं की लोक आजारपणावरच येतात. डिसेंबर २०१९ ला मोटर न्यूरॉन डिसीज, हळूहळू स्नायू निकामी करणारा आजार, निघाला, निवृत्तीला जेमतेम दोन वर्षं झालेली, पुढे आवाज गेला, २ जून २०२४ ला गेला, वय ४१. त्याचा जुना कॅप्टन केविन सिनफील्ड त्याच्यासाठी सात दिवसांत सात मॅरेथॉन पळाला आणि २०२३ ला लीड्स मॅरेथॉनमध्ये त्याची व्हीलचेअर ढकलत पळून शेवटी त्याला उचलून फिनिश लाइन ओलांडली. ते बघून मीही रडलो, खोटं कशाला बोलू. पण मला आपलं राहून राहून वाटतं की माणूस सोळा-सतरा वर्षं खेळला आणि आठवण फक्त शेवटच्या साडेचार वर्षांची, हे काही बरोबर नाही. म्हणून जर्सी २०११ ची शोधली, पैसे थोडे जास्त गेले तरी.

कापडाबद्दल. जाड आहे, शिवण पक्की, काखेतली शिवण डबल आहे आणि एवढी वर्षं होऊन टाका हललेला नाही. रंग गेला नाही. धुताना उलटी करून थंड पाण्यात, इस्त्री नंबरावर अजिबात फिरवू नका. डांबरगोळ्यांचा वास दोन धुण्यांत आणि एका उन्हात गेला, इकडे इंग्लंडात ऊन मिळणं हाच खरा प्रश्न. पाचपैकी साडेतीन, अर्धा पापुद्र्यांसाठी कापला, एक साइजसाठी.

ते ऊन रविवारी पडलं आणि मागच्या अंगणात दोरीवर जर्सी वाळत घातली होती, पाठ बाहेरच्या बाजूला. शेजारचे आजोबा, चार वर्षांत आमचं बोलणं म्हणजे पाऊस आणि कचऱ्याचे डबे, ते कुंपणापाशी येऊन थांबले. जानेवारी २०२० ला ब्रॅडफर्डविरुद्ध जी मॅच झाली, बरोचा आजार कळल्यावर, ज्यात तो शेवटची काही मिनिटं मैदानात उतरला, तिला ते होते म्हणे. पुढे काही बोलले नाहीत, बोट लावून ते सुटलेलं टोक दाबून बघितलं, चिकटतंय का. मग विचारलं, विकणार का.

नाही म्हटलं. मापात बसत नाही तरी.