कर्नलमध्ये काय बदललं ते बघायला कर्नल न्यूबीज चांगलं, पण खरा भरवसा गिट लॉगवरच

जळगावला कॉलेजच्या लॅबमधल्या लिनक्स मशीन माझ्याकडे आहेत, त्यामुळे लिनक्सचा नवा कर्नल (म्हणजे सिस्टीमचा गाभा) आला की त्यात काय बदललंय हे बघणं मला भागच असतं. दर 9-10 आठवड्यांनी रिलीझ आणि एकेका रिलीझमध्ये हजारो कमिट (कोडमधले नोंदवलेले एकेक बदल), एवढं सगळं कोण वाचत बसणार भो! म्हणून जे फुकटात मिळतं आणि मी रोज वापरतो त्याबद्दल लिहितोय.

आधी कर्नल न्यूबीज या वेबसाइटवरचं लिनक्स चेंजेस हे पान. वाचायला एकदम सोपं, वर मुख्य बदल सरळ भाषेत, खाली फाइल सिस्टीम, मेमरी, नेटवर्किंग, ड्रायव्हर असे भाग आणि सोबत त्या त्या कमिटच्या लिंक. 6.6 ला सीएफएस शेड्युलरच्या (कुठल्या प्रोग्रामला प्रोसेसर कधी मिळेल ते ठरवणारा भाग) जागी ईईव्हीडीएफ आला, 6.12 ला प्रीएम्प्ट आरटी (ठरल्या वेळेत काम होण्यासाठीचा रिअल टाइम सपोर्ट) इतक्या वर्षांनी एकदाचं मेन कर्नलमध्ये गेलं, 6.13 ला रायझरएफएस ही जुनी फाइल सिस्टीम काढून टाकली, हे असलं मोठं मोठं चहा संपेपर्यंत कळून जातं. यासाठी पैकीच्या पैकी.

पण "माझं हार्डवेअर कुठल्या व्हर्जनपासून चालेल" हा प्रश्न आला की गिट लॉगला, म्हणजे कर्नलचा कोड ज्यात ठेवतात त्या गिटमधली कमिटची यादी दाखवणाऱ्या कमांडला, तोड नाही. गोलाणी मार्केटमधून आणलेले वायफायचे डोंगल, आत रिअलटेकची 8821सीयू चिप, मशीनवर कर्नल 5.15, वायफाय दिसेचना. गिट लॉगला 5.15 आणि 6.2 हे दोन टॅग (व्हर्जनच्या खुणा) दिले, मध्ये दोन टिंब, पुढे रिअलटेकच्या आरटीडब्ल्यू88 ड्रायव्हरच्या फोल्डरचा पाथ, बस. बाकीचे हजारो कमिट बाजूला झाले आणि यूएसबी सपोर्टची पॅच मालिका समोर आली, म्हणजे 6.2 पासून, फेब्रुवारी 2023 चं रिलीझ. कुणाला विचारायची गरजच पडली नाही.

आता जिथे बरेच जण अडकतात ते सांगतो, स्टेबल रिलीझ. 6.6.1, 6.6.2 असे जे येत राहतात त्यात मेन कर्नलमधले फिक्स मागे आणून टाकलेले असतात, पण तिथे त्या कमिटचा आयडी बदलतो. म्हणजे मूळ आयडी देऊन गिट टॅग कमांडला विचारलं की हा फिक्स कशाकशात आहे, तर स्टेबलचं नावच येत नाही आणि माणसाला वाटतं फिक्स आलाच नाही. खरं तर स्टेबलच्या कमिट मेसेजमध्ये वरतीच "कमिट अमुक अपस्ट्रीम" अशी ओळ असते, तर स्टेबलची ब्रँच घेऊन तिच्या मेसेजमध्ये मूळ आयडी शोधायचा, लगेच सापडतो. डिस्ट्रोवाले (उबुंटू, फेडोरासारखे) वरून आपले वेगळे पॅच टाकतात ते अजून निराळं, त्यांचा चेंजलॉग बघायलाच लागतो.

कर्नल डॉट ऑर्गवरच्या चेंजलॉग फाइलमध्ये सगळे मेसेज एकाखाली एक ओतलेले असतात, शोधायला ठीक, वाचायला नाही. आणि काही बिघडलंय पण कशाने ते माहीत नाही तर गिट बायसेक्ट (कमिट निम्मे निम्मे करत दोषी शोधणं), 15 हजार कमिटमधूनही साधारण 14 वेळा कर्नल बिल्ड करून दोषी सापडतो, पण जुन्या मशीनवर त्यात दिवस जातो, तयारीनेच बसा.

गिटची एक गोष्ट मात्र खरंच त्रासाची आहे. कर्नलचा पूर्ण क्लोन (सगळ्या इतिहासासकट कोडची प्रत) काही जीबीचा आणि मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये लाइट कधी जाईल सांगता येत नाही. त्यापेक्षा कर्नल डॉट ऑर्गवर बंडल फाइल (सगळं एकाच फाइलमध्ये) मिळते ती वगेट या डाउनलोडच्या कमांडने -c लावून उतरवा, तुटली तर राहिली तिथून पुढे चालू होते, मग त्यातूनच क्लोन करा आणि नंतर फक्त नवीन बदल ओढत रहा.